ग्रामसभेत हिशेब विचारायचा, तर फोनवर आधी काय तयारी करावी

गावातल्या एका गटारावर किती पैसे पडले, हे कळायला पूर्वी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता ग्रामपंचायतीचा आराखडा, खर्चाची व्हाउचरं, उपग्रहाचा नकाशा, कॅमेरा, भाषांतर आणि गावाचा ग्रुप हे सगळं एकाच फोनमध्ये आलं आहे. पण फोनवर जमवलेली माहिती ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी इतिवृत्तात, उतरली नाही, तर तिचा काही उपयोग होत नाही. म्हणून पुढची सगळी तयारी प्रोसिडिंगमध्ये नोंदवल्या जाणाऱ्या एका लेखी प्रश्नासाठी करायची आहे.

सुरुवात सभेच्या तीन आठवडे आधी करा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या बहुधा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होतात. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तयारीला तेवढे दिवस पुरत नाहीत.

आधी मतदार यादी

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. निवडणूक आयोगाच्या ॲपवर आपलं आणि घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव तपासा. नवं नाव फॉर्म ६ ने लागतं, पत्ता बदल फॉर्म ८ ने होतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि तिथल्या यादीत नाव असलेल्या गावकऱ्याने माहिती जमवायला जरूर मदत करावी. सभेत बोलायला मात्र गावच्या यादीतलाच माणूस उभा राहिला पाहिजे, आणि तोही प्रत्यक्ष हजर हवा. ग्रुपवर दिलेल्या पाठिंब्याने गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी, होत नाही. त्यासाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात.

आराखडा आणि व्हाउचर

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेलं ईग्रामस्वराज हे पंचायतींच्या आराखड्याचं आणि खर्चाचं सरकारी पोर्टल बघायला लॉगिन लागत नाही. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवड केली की मंजूर आराखड्यातली कामं दिसतात. इथे पहिली चूक होते ती नावात. एकाच जिल्ह्यात सारख्या नावाची दोन-तीन गावं असतात, तेव्हा ग्रामपंचायतीचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी यादीतला तिचा स्वतःचा क्रमांक, एकदा पाहून लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशीच ताडून बघा. अहवाल इंग्रजीत असला तर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने मराठी करता येतो. आकडे मात्र मूळ पानावरूनच घ्या.

दोन गोष्टी उतरवून घ्या: कामाचं नाव व मंजूर रक्कम, आणि त्या कामावर निघालेल्या व्हाउचरची तारीख व रक्कम. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायची होती, तिच्यातली निम्मी स्वच्छतेला आणि निम्मी पाण्याला. त्यामुळे बंधित निधीतून गावाची कमान रंगवलेली दिसली, तर प्रश्न तिथेच सापडला.

पण घाई नको. पोर्टलवर काम दिसलं नाही म्हणजे पैसे खाल्ले, असं होत नाही. काम आमदार निधीतलं असेल, जिल्हा परिषदेचं किंवा रोजगार हमीचं असेल, नोंद मागच्या वर्षात असेल. उलट एकच रस्ता दोन योजनांत दोन वेगळ्या नावांनी दाखवलेला आहे का, हे मुद्दाम तपासा. गावकरी त्याला ‘पाटलाच्या वाड्याकडचा रस्ता’ म्हणतात आणि कागदावर तो ‘वॉर्ड क्र. २ अंतर्गत रस्ता’ असतो, म्हणून हा प्रकार नजरेतून सुटतो.

जागेवर मोजणी

काम पाहायला दोघांनी जावं, सोबत तीस मीटरची टेप असावी. फोनचं लोकेशन सुरू करून उघड्यावर अर्धा मिनिट थांबा. लगेच फोटो काढला तर जागा कित्येक मीटर सरकलेली येते. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ फोटोवर छापणारं कॅमेरा ॲप वापरा. प्रत्येक कामाचे निदान चार फोटो हवेत: सुरुवात, शेवट, टेप लावलेली रुंदी आणि एखादी न हलणारी खूण, म्हणजे देऊळ, शाळा किंवा विजेचा खांब.

समजा कागदावर १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड काँक्रीट आहे, म्हणजे ३० घनमीटर. जागेवर लांबी ९२ मीटर आणि तीन ठिकाणी मोजलेल्या रुंदीची सरासरी २.७ मीटर आली, तर जाडी पूर्ण धरूनही २५ घनमीटरच्या आतच बसतं. सभेत हा फरक सांगा, ‘काम बोगस आहे’ असं म्हणू नका. आरोप केला की सभा भांडणात जाते, मापाला मात्र मापानेच उत्तर द्यावं लागतं.

फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर ते दाबून लहान होतात आणि आत साठवलेली जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो ड्राइव्हवर वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

ग्रुप कसा चालवावा

गावाच्या मोठ्या ग्रुपवर हे काम होत नाही, तिथे शुभेच्छांखाली सगळं बुडतं. फक्त ग्रामसभेपुरता वेगळा ग्रुप काढा आणि ‘फक्त ॲडमिन’ ही सोय लावा. कोणता प्रश्न आधी घ्यायचा यासाठी पोल घ्या, पण त्यात कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. सरपंचाच्या भावकीतला किंवा त्यांच्या शेतावर मजुरीला जाणारा माणूस तिथे मनातलं सांगणार नाही. त्याच्याकडे घरी जाऊन विचारा.

वाचता न येणाऱ्यांसाठी एक मिनिटाच्या आतला आवाजी संदेश करा. घरातला एकुलता फोन पुरुषाच्या खिशात असतो, म्हणून बायकांपर्यंत ग्रुप पोहोचतोच असं नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बचत गटाच्या बैठकीत फोटो आणि मापं दाखवा. पाण्याच्या टाकीला पाणी किती दिवसांनी येतं, ते सगळ्यांत अचूक तिथेच कळतं. महिला सभेची शिफारस पुढे ग्रामसभेसमोर यावी लागते, त्यामुळे प्रश्नाला दुसरा दरवाजा मिळतो.

लेखी प्रश्न आणि सभा

नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, विषय लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एका अर्जात एकच काम ठेवा: नाव, वर्ष, मंजूर रक्कम, व्हाउचरची रक्कम, तुमचं माप आणि ‘मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहिलेली नोंदवही) सभेत दाखवावे’ ही मागणी. विषयपत्रिकेत विषय आला नाही, तर गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेत तो घेता येणार नाही. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे नवा विषयही घेता येत नाही. ही वाट बंद व्हायची नसेल, तर माणसं वेळेवर आणा.

प्रश्न वाचून दाखवा आणि सूचक-अनुमोदकासह ठराव मांडा. पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सभासार’ हे साधन आणलं. ते सभेच्या ध्वनिमुद्रणावरून कार्यवृत्ताचा मसुदा करतं. तुमच्याकडे ते वापरत असतील, तर एका वेळी एकानेच माइकजवळ बोलावं आणि रक्कम संपूर्ण उच्चारावी. गलक्यातलं बोलणं यंत्रालाही कळत नाही. सही होण्याआधी मसुदा मोठ्याने वाचायला लावा.

कागद दाखवले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांची मर्यादा आणि अर्जात एकच विषय. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. झेरॉक्सऐवजी आधी ‘अभिलेख पाहणी’, म्हणजे कार्यालयात बसून कागद पाहणं, मागा, पहिला तास विनामूल्य असतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा. फोनमध्ये दोन्ही तारखांचा गजर लावून ठेवा, कारण मुदत चुकली की अर्ज इथेच मरतो.

पुढच्या सभेत मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हा पहिला विषय असतो. तेव्हाच उभं राहून आपला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर त्यात आहे का ते ऐका. नसेल, तर इतिवृत्त कायम करायला हरकत घ्या आणि ती हरकत त्याच दिवशी, तुमच्यासमोर, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.