वर्गात एआय आणायचं, पण कसं?

संगणक कक्ष नाही म्हणून अडून बसू नका. ठाण्यातल्या आमच्या शाळेत मी माझा मोबाईल प्रोजेक्टरला जोडते, आठवीचं काम भागतं.

सुरुवात गावातल्याच गोष्टीने करा. आधी मुलांना एआय चॅटबॉटला (प्रश्न लिहिला की उत्तर देणारं ॲप) विचारायला लावा, देशातली पहिली प्रवासी रेल्वे कुठून कुठे धावली? उत्तर चोख येतं: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. मुलं खूश. मग म्हणायचं, आता आपल्या गल्लीतल्या वडापाववाल्याबद्दल विचारा. इथे हा एआय गडी बिनधास्त ठोकून देऊ शकतो, कारण तो पुढचा शब्द कोणता शोभेल याच्या अंदाजाने वाक्य जुळवत असतो. मुलांनी उत्तराची एकेक ओळ वहीत उतरवायची आणि समोर लिहायचं: कुणाला विचारलं, कुठे पाहिलं. पुरावा नाही तिथे लाल रेघ. आजोबांची साक्ष चालते (आजोबाही कधीकधी ठोकून देतात, ते सोडा). हा तास घाईत उरकू नका, दोन तासिका जोडून घ्या.

गृहपाठ एआयकडून लिहून आणतीलच. ते पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा भरवसा नाही, प्रामाणिक पोरालाही ते कधीकधी चोर ठरवतं. त्यापेक्षा निबंधातलं एखादं वाक्य निवडून तोंडी विचारा, 'हे असं का लिहिलंस?'

मुलांची नावं, फोटो, गुण एआयमध्ये अजिबात टाकू नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पालकसभेत कोणतं ॲप, कशासाठी, कुणाच्या मोबाईलवर, हे सांगून सह्या घ्या.