टर्कीच्या हंगामासाठी शॉटगन कशी तयार करावी

महागातला चोक (नळीच्या तोंडाशी बसणारी, छर्ऱ्यांचा फैलाव आवळणारी नळकांडी) बसवला की बंदूक टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी तयार झाली, हा सल्ला अमेरिकेतल्या बंदुकीच्या बहुतेक दुकानांत फुकट मिळतो आणि त्याची किंमतही तेवढीच असते. बदकावर किंवा तित्तिरावर शॉटगन चालवताना पक्षी उडत असतो, बंदूक त्याच्याबरोबर फिरते आणि छर्ऱ्यांचा विस्तृत फैलाव नेमबाजाची थोडीफार चूक सांभाळून घेतो. वसंतातला नर टर्की मात्र जमिनीवर उभा असतो आणि छर्रे त्याच्या डोक्यावर व मानेवर बसले तरच तो जागच्या जागी मरतो. छातीचे जाड स्नायू आणि पिसांचे थर छर्रे अडवतात आणि पक्षी जखमी होऊन झाडीत निघून जातो. त्यामुळे येथे शॉटगन रायफलप्रमाणे नेम धरून चालवावी लागते, आणि तिचे छर्रे नेमके कोठे व कसे पोहोचतात हे कागदावर पाहिल्याशिवाय हंगामात उतरण्यात अर्थ नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, शिकारीच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि परवाना काढलेल्या वाचकांसाठी आहे. आपापल्या राज्याचे नियम आधी वाचावेत. उदाहरणार्थ, मिसूरीत टर्कीसाठी चार नंबरापेक्षा मोठे छर्रे वापरता येत नाहीत (नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा).

साफसफाई

बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेत, बोट घालून करावी, मग नळी उतरवावी. चोक नळीतच ठेवून सॉल्व्हंट, ब्राँझचा ब्रश आणि चिंध्या या क्रमाने नळी आतून साफ करावी. चोक आधीच काढला तर सारी घाण आट्यांमध्ये जाऊन बसते. चेंबरच्या पुढचा निमुळता भाग आणि चोकची आतली बाजू यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वॅडचे (काडतुसात छर्रे धरून ठेवणाऱ्या वाटीचे) वितळलेले प्लास्टिक आणि शिसे तेथेच साचते. त्यानंतर चोक काढून त्याचे आटे पुसावेत, त्यांना अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि चोक पुन्हा घट्ट बसवावा. आटे असलेल्या नळीतून चोकशिवाय एकही काडतूस उडवू नये.

तेल कमी वापरावे. काडतुसाच्या गॅसच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीत पिस्टन आणि गॅसची छिद्रे स्वच्छ व जवळजवळ कोरडी असावीत. तेलात न्हालेली यंत्रणा पहाटेच्या थंडीत आळसावते. हाताने मागेपुढे ओढून भरायच्या, म्हणजे पंपाच्या बंदुकीचे फारसे लाड करावे लागत नाहीत. धक्क्याच्या जोरावर चालणाऱ्या इनर्शिया पद्धतीच्या बंदुकीत मात्र एक खोड असते आणि ती नेमकी टर्कीच्या शिकाऱ्याला नडते. अंधारात आवाज होऊ नये म्हणून बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) हाताने धरून हळूच पुढे सोडला, तर त्याचा शेवटचा फिरका पूर्ण होत नाही, बोल्ट बंद झाल्यासारखा दिसतो आणि तासाभराने नर समोर आल्यावर चाप ओढला की केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. यावर उपाय एवढाच की बोल्ट पुढे गेल्यावर त्याची मूठ अंगठ्याने पुढे दाबून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

नेमासाठी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमयंत्र) किंवा फायबरची माशी (नळीवरची नेमाची खूण) बसवली असेल तर तिच्या तळाचे स्क्रू काढून, तेल पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून पुन्हा आवळावेत. हे काम रेंजवर जाण्याच्या आदल्या दिवशीच उरकावे, म्हणजे थ्रेडलॉकर वाळायला रात्र मिळते.

कागदावरची परीक्षा

मला सर्वाधिक झगडावे लागले ते याच टप्प्याशी, आणि बहुतेक चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल दिले जातात. झगडण्याचे कारण असे की येथे दोन वेगळे प्रश्न एकाच गोळीत विचारले जातात: छर्ऱ्यांचा पुंजका नेम धरलेल्या ठिकाणी जातो का, आणि तो पुंजका पुरेसा दाट व एकसारखा आहे का. पहिल्या प्रश्नाचा चोकशी संबंध फार थोडा असतो. तो माशी, दस्ता आणि दस्त्यावर टेकलेला गाल यांचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न चोक आणि काडतूस यांच्या जोडीचा आहे. जो माणूस हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायला जातो, तो चोकमागून चोक विकत घेतो आणि त्याची बंदूक मात्र वितभर उजवीकडेच मारत राहते.

टर्कीच्या डोक्याचे चित्र छापलेले छोटे कागद सुरुवातीला घेऊच नयेत, असे माझे ठाम मत आहे. पुंजक्याचा मध्य सहा इंच बाजूला गेला असला तरी त्याच्या कडेचे पंधरा-वीस छर्रे चित्रातल्या मानेत बसतात, आणि बघणाऱ्याला बंदूक उत्तम चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मधला दाट भाग कागदाबाहेरच्या हवेतून गेलेला असतो. किमान तीन फूट लांब-रुंद असा कोरा कागद घ्यावा आणि त्याच्या मधोमध जाड मार्करने रुपयाएवढा ठिपका काढावा. पार्सल बांधण्याच्या तपकिरी कागदाची गुंडाळी यासाठी पुरते.

आरंभ वीस यार्डांवर आणि हलक्या, स्वस्त काडतुसांनी करावा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, बंदूक टेकवून, चाप हळूहळू दाबून एक-दोन गोळ्या माराव्यात आणि माशी किंवा डॉट ढोबळमानाने जुळवून घ्यावा. शिकारीची तीन इंची काडतुसे येथे खर्च करू नयेत. ती महाग असतात हे एक कारण, आणि त्यांचा धक्का खाऊन खांदा दुखू लागला की माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरू लागतो हे त्याहून मोठे. असे होत असल्याची शंका आली, तर सोबत्याकडून बंदूक भरून घ्यावी आणि त्याने मध्येच एखादे डमी काडतूस घालावे. त्या वेळी नळीचे टोक खाली झुकले, तर दोष बंदुकीत नाही.

त्यानंतर खरी काडतुसे घेऊन चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, जावे. अंतर पावलांनी न मोजता रेंजफाइंडरने किंवा टेपने मोजावे. एका प्रकारच्या काडतुसाचे तीन स्वतंत्र कागद करावेत आणि प्रत्येकावर त्याच ठिपक्यावर नेम धरून एकच गोळी मारावी. एका कागदावरून निर्णय घेऊ नये, कारण एकाच डब्यातल्या दोन काडतुसांचे फैलावही सारखे नसतात. प्रत्येक दोन गोळ्यांमध्ये नळी निवू द्यावी आणि चोक सैल झाला नाही ना हे बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून पाहावे.

आता पुंजक्याचा मध्य शोधायचा. डोळ्यांनी अंदाज करू नये. डोळा नेहमी ठिपक्याच्या दिशेने पक्षपात करतो. कागदावर एक आडवी रेघ अशी ओढावी की अर्धी भोके तिच्या वर आणि अर्धी खाली राहतील. मग एक उभी रेघ अशी ओढावी की अर्धी डावीकडे आणि अर्धी उजवीकडे राहतील. या रेघा जेथे छेदतात तो पुंजक्याचा मध्य. तिन्ही कागदांवरचे मध्य ठिपक्यापासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहेत ते मोजून त्यांची सरासरी काढावी आणि तेवढीच दुरुस्ती करावी. रेड डॉटची एक टिचकी बहुधा एक एमओएची (कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) असते आणि ती चाळीस यार्डांवर पुंजका जवळजवळ एक सेंटिमीटर सरकवते. म्हणजे पुंजका अकरा-बारा सेंटिमीटर वर जात असेल तर अकरा टिचक्या खाली. टिचकीचे माप वेगळे असू शकते, म्हणून माहितीपत्रक पाहावे. मागची माशी सरकवता येत असेल तर पुंजका जिकडे न्यायचा तिकडेच ती सरकवावी. पुढची माशी उलट दिशेने. नळीवर माशीऐवजी नुसता मणी असेल तर दस्त्याच्या शिम (पातळ पट्ट्या) बदलून उंची काहीशी सुधारता येते, पण टर्कीसाठी त्या खटपटीत पडण्यापेक्षा सरळ रेड डॉट बसवावा, असे मी म्हणेन.

पुंजका ठिपक्यावर आला की मगच दाटपणाकडे वळावे. पुंजक्याच्या मध्याभोवती दहा इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजावीत. चाळीस यार्डांवर शंभर छर्रे हा जुना आणि अजूनही उपयोगी असा दंडक आहे. परंतु निव्वळ आकड्यावर समाधान मानू नये. वर्तुळाचे चार भाग करून प्रत्येकातली भोके वेगळी मोजावीत. एका भागात पन्नास आणि दुसऱ्यात आठ असतील, तर दीडशेचा आकडाही फसवा आहे, कारण टर्कीची मान त्या रिकाम्या जागेत सहज मावते. एकशेदहा पण चारही भागांत सारखे विखुरलेले असतील, तर मी तेच काडतूस निवडेन.

निकाल समाधानकारक नसेल तर आधी काडतूस बदलावे, चोक नंतर. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास नाममात्र ०.७२९ इंच असतो. साधा फुल चोक तो सुमारे ०.०३५ ते ०.०४० इंचांनी आवळतो, तर टर्कीसाठी विकले जाणारे चोक ०.६६० इंचांपर्यंत खाली येतात. जितका आवळ तितका चांगला, हा समज खोटा आहे. शिसे मऊ असते. फार अरुंद वाटेतून जाताना छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा हवेत भरकटतो, म्हणून पुंजका दाट होण्याऐवजी त्यात रिकाम्या जागा पडतात. शिशाचे पाच नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे १७० असतात आणि सहा नंबरचे सुमारे २२५. केवळ हा नंबर बदलल्याने जुन्या फुल चोकमधूनही समाधानकारक कागद निघालेले मी पाहिले आहेत. टंगस्टनचे नऊ नंबरचे छर्रे शिशापेक्षा पुष्कळ जड असल्यामुळे आकाराने लहान असूनही खोल जातात आणि एका औंसात सुमारे ३६० मावतात, पण त्यांची किंमत पाहता ते आपल्या चोकला चालतात का हे उत्पादकाच्या सूचनांत आधी वाचावे. पोलादी छर्रे मात्र टर्कीच्या अतिआवळ चोकमधून कधीही मारू नयेत. ते चेपत नाहीत, म्हणून चोक आणि नळी फुगते.

ही सारी परीक्षा टेबलावरची झाली. जंगलात शिकारी झाडाला पाठ टेकून, बंदूक गुडघ्यावर ठेवून बसतो, आणि या बैठकीत गाल दस्त्यावरून उचलला जाण्याची शक्यता खूप असते. नुसत्या मण्याची बंदूक असेल तर गाल किंचित उचलला की पुंजका वर जातो आणि पक्ष्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून शेवटच्या दोन गोळ्या जमिनीवर बसून, जंगलात घालणार तोच जाड कोट, हातमोजे आणि तोंडावरची जाळी घालून माराव्यात. त्यातही एक पंधरा यार्डांवर मारावी. आवळ चोकचा पुंजका या अंतरावर जेमतेम मुठीएवढा असतो. चाळीस यार्डांची तयारी केलेला माणूस हाताच्या अंतरावर आलेला नर चुकवतो तो याच कारणाने.

कोणत्या अंतरापर्यंत बंदूक उचलायची हे याच कागदांवरून ठरवावे. दहा इंचांच्या वर्तुळात शंभर एकसारखे छर्रे तीस यार्डांपर्यंतच मिळत असतील, तर आपली मर्यादा तीस यार्ड. शेजाऱ्याने साठ यार्डांवर मारलेल्या टर्कीची कथा ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. जखमी होऊन निसटलेल्या पक्ष्यांच्या कथा तो सांगत नाही.

रेंजवर कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवेच, आणि कागदामागे मातीचा बांध हवा, कारण हे छर्रे अडीचशे यार्डांच्या पलीकडेही पोहोचू शकतात. कोणताही आवाज नेहमीपेक्षा मऊ आला तर थांबून, बंदूक रिकामी करून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. अडकलेल्या वॅडवर दुसरी गोळी मारली की नळी फाटते. कागद टांगायला लाल, पांढरे किंवा निळे फडके वापरून तेच खिशात घालून जंगलात नेऊ नये. वसंतातल्या नराच्या डोक्याचे रंग हेच तीन असतात, आणि झाडीत दुसराही शिकारी बसलेला असू शकतो.

हंगामात

कागदाची परीक्षा झाल्यावर नळी पुन्हा चकचकीत करू नये. स्वच्छ नळीची पहिली गोळी कधीकधी वेगळी पडते. म्हणून साफ केलेल्या नळीतून एक-दोन गोळ्या मारून मगच शिकारीला जावे. ज्या काडतुसांनी परीक्षा केली त्याच लॉटचे आणखी दोन डबे त्याच दिवशी घेऊन ठेवावेत, आणि पुढच्या वर्षी नवा लॉट आला तर एक कागद पुन्हा मारून पाहावा. परीक्षा हंगामाच्या हवामानातच करावी. कडाक्याच्या थंडीत हवा दाट असते आणि फैलाव बदलतो, त्यामुळे जानेवारीतला कागद एप्रिलबद्दल फारसे काही सांगत नाही.

वसंतात पाऊस ठरलेलाच. भिजलेली बंदूक त्याच संध्याकाळी उघडावी, पाणी पुसावे, चोक काढून आटे कोरडे करावेत आणि बाहेरून तेलाचा पातळ हात द्यावा. कॅमोफ्लाजची टेप लावली असेल तर ती सोलून काढावी, कारण गंज तिच्याखाली धरतो. हंगाम संपल्यावर पूर्ण साफसफाई करून, रेड डॉटची बॅटरी काढून, बंदूक कुलूपबंद कपाटात नळीचे तोंड खाली करून उभी करावी, म्हणजे तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरत नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत.