पूल टेबलच्या स्लेटचे सांधे: या चुका टाळा, नाहीतर बॉल टुक् करणारच

टेबल नवीन, कापड नवीन, आणि बॉल हळू सोडला की मधल्या पॉकेटपासून हातभर अंतरावर टुक् करून एवढासा उडतो. तिथे कापडाखाली स्लेटचा सांधा असतो. 8 फुटी टेबलची स्लेट बहुतेक वेळा 3 तुकड्यांत येते म्हणजे सांधे 2, आणि 12 फुटी स्नूकरला 5 तुकडे म्हणजे सांधे 4. स्लेट म्हणजे आपली शाळेतली दगडी पाटीच, फक्त इंचभर जाड आणि एकेक तुकडा 65-70 किलोचा, त्यामुळे ती उचलायला चार माणसं लागतात आणि एकदा ठेवली की परत हलवायचा कंटाळा येतो. सगळ्या चुकांचं मूळ या कंटाळ्यात आहे असं माझं मत.

गुहागरला चुलतभावाच्या होमस्टेत आम्ही पडवीत टेबल लावलं तेव्हा एका सांध्यात दोनदा पुट्टी भरली आणि ती दोनदा तडकली. मी पुट्टीला शिव्या घालत होतो. शेवटी म्हातारे सुतारकाका आले, त्यांनी सांध्याकडे बघितलंसुद्धा नाही, खाली बसून पायाजवळच्या टाइलवर बोटाने टकटक केलं, ती पोकळ वाजली. जांभ्याच्या जुन्या जमिनीवर नुसत्या टाइल्स चिकटवलेल्या, त्यातली एक खालून सुटलेली, चार माणसं टेबलावर वाकली की तो पाय केसभर खाली जायचा आणि तेवढ्याने सांधा उघडायचा. म्हणजे दुखणं सांध्याचं नव्हतंच.

म्हणून पहिलं काम जमिनीचं. पाय जिथे येणार तिथली प्रत्येक टाइल वाजवून बघा, पोकळ असेल तर काढून खाली कोबा करून घ्या, आणि पायाखाली कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा तुकडा द्या. लोखंडी पत्रा नको, खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याचा पापड होतो. मग स्लेट चढवायच्या आधी नुसता सांगाडा लेव्हल करायचा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. सांगाडा तिरका ठेवून स्लेटखाली पाचरी मारत बसलात की एका ठिकाणी पाव इंच फट आणि एका ठिकाणी शून्य, असं टेबल महिनाभर सुद्धा टिकत नाही. इकडे लोकल सुताराकडून सांगाडा करून घेताना अजून एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे सांध्याच्या बरोबर खाली आडवी तुळई पाहिजे आणि ती इतकी रुंद पाहिजे की दोन्ही स्लेटच्या कडा तिच्यावर टेकून स्क्रूने बसतील. तुळईच नसेल तर वरून काहीही भरा, उपयोग नाही.

लेव्हल कुठली वापरायची यावर वाद घालणारे खूप भेटतात. मोबाईलचं ॲप नको, विषय संपला. गवंड्याची लेव्हल सांगाड्यापुरती ठीक, पण ती एका मीटरमध्ये अर्धा ते एक मिलिमीटर सहज लपवते. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टेबल लांबीत 0.020 इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत लागतं आणि सांध्याला दोन स्लेटमधला फरक 0.005 इंच, म्हणजे साधारण 0.13 मिमीच्या आत. खेळायच्या पत्त्याची जाडी 0.3 मिमीच्या आसपास असते, तर सांध्याची सूट अर्ध्या पत्त्याएवढीही नाही. यासाठी मीटरला 0.02 मिमी दाखवणारी मशिनिस्ट लेव्हल लागते, एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणा, चहापाण्याचं बघा. आणि कुठलीही लेव्हल असो, त्याच जागेवर 180 अंश फिरवून परत बघायची. बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळाला तर टेबल नाही, लेव्हलच खोटं बोलतेय.

आता मुख्य भाग. स्लेट तीन्ही ठेवल्या, सगळे स्क्रू आवळले आणि मग लेव्हल बघायला घेतली, ही चूक मी कितीतरी ठिकाणी बघितली आहे. आधी मधली स्लेट बसवा, तिची लेव्हल काढा, मग दोन्ही टोकाच्या स्लेट तिच्याशी जुळवा. स्क्रू आधी नुसते टेकवायचे. पाचर किंवा पत्ता स्क्रूच्या अगदी शेजारी द्यायचा, कारण आधार एक वीत लांब आणि स्क्रू इकडे असला की आवळताना स्लेट तिथे खाली ओढली जाते, कधीकधी भोकापाशी तडकतेसुद्धा. कागदाच्या घड्या घालू नका, कॅरम बोर्डाखाली पेपर सरकवतो तसं इथे चालत नाही, कारण आपल्याकडे कागद दमट होऊन फुगतो आणि उरलेला वाळवी खाते. प्लास्टिकचे पत्ते चांगले (सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे ते हाताने रंगवलेले जुने पत्ते, कोणी कापायला घेऊ नका रे बाबांनो), आणि अगदी बारीक फरकाला कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा, तो साधारण 0.1 मिमी असतो आणि त्याला तांबेरा धरत नाही.

स्लेट एकमेकींना भिडवण्याआधी कडा ब्रशने साफ करा. हे सांगायला मूर्खासारखं वाटतं, पण किनाऱ्यावरच्या घरात वाळू कुठे नसते, आणि वाळूचा एक कण मध्ये अडकला की सांधा मिटतच नाही, मग फट दिसते म्हणून लोक ती पुट्टीने बुजवतात.

सांधा जुळला का ते बोटाने आडवं नख ओढून बघा, नख अडकलं तर फरक आहे. आकडा हवा असेल तर स्टीलची सरळ पट्टी सांध्यावर आडवी ठेवून खाली बाइकच्या टॅपेटला वापरतात ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) सरकवा, 0.10 मिमीचं पान जेमतेम जात असेल तर पास, 0.15 चं आरामात जात असेल तर परत खाली जा. इथेच मोह होतो की राहू दे, वरून पुट्टीचा उतार देऊ, कळणार नाही. कळतं. पायरी झाकायला पुट्टी लावलीत की टुक् जाऊन त्याजागी बॉल हळूच वळायला लागतो, जे जास्त वाईट, कारण तेव्हा खेळणाऱ्याला वाटतं आपलाच शॉट चुकला. ग्राइंडरने उंच कड घासणं तर त्याहून मोठा गुन्हा, स्लेटवर तिथे खळगा होतो तो कायमचाच.

जुळल्यावर मग फेविक्विकसारख्या पातळ ग्लूचे थेंब सांध्यावर थोड्या थोड्या अंतराने, तो स्वतःच आत ओढला जातो. हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे आपल्याकडे फार वेळ मिळत नाही, जुळवाजुळव आधी पूर्ण झालेली पाहिजे. त्यावर फिलर (मेण किंवा पुट्टी) फक्त कडांचे टवके आणि बारीक रेघ भरायला.

फिलर कुठलं? भिंतीची पुट्टी आणि पीओपी नको, हादऱ्याने भुगा होऊन कापडाखाली खडे जमतात. मेणबत्तीचं मेण नको. एम-सील बसतं छान पण दगडासारखं होतं आणि उद्या टेबल हलवायचं झालं तर सांधा उघडताना स्लेटची कड घेऊन येतं. मधमाश्यांचं मेण हा जुना चांगला उपाय, स्लेट गॅसच्या टॉर्चने थोडी गरम करून ओतायचं आणि गार झाल्यावर पातं आडवं धरून खरवडायचं, पुढे सुटायलाही सोपं. पण ते 62-64 अंशाला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये असलेल्या टेबलला मी गॅरेजवाल्याकडची हार्डनरवाली पुट्टी वापरतो. हार्डनर कमी घाला, उकाड्यात ती भांड्यातच बसते. स्क्रूच्या खाचेत मात्र पुट्टी नाही, तिथे मेणच, नाहीतर पुढच्या वेळी स्क्रू शोधत छिन्नी चालवावी लागेल.

टेबल लावून झालंय आणि आता बॉल वळतोय, तर एकच रेघ धरून बॉल हळू सोडा, मग त्याच रेघेवर उलट दिशेने. दोन्ही वेळा खोलीच्या एकाच बाजूला गेला तर उतार आहे, पाय वर-खाली करायचे बोल्ट बघा. कधी इकडे कधी तिकडे गेला तर आधी बॉल बदलून बघा, बॉलच खराब असतो किंवा मळलेला. स्नूकरच्या कापडाला लव असते, तिच्या दिशेचाही फरक पडतो, पूलच्या गुळगुळीत कापडाला तसं नसतं.

आणि जुलैत बिघडलं तर लगेच कापड काढू नका. पावसात सांगाड्याचं लाकूड फुगतं, आंब्याच्या लाकडाचं तर विचारूच नका, आणि पाऊस सरला की बरंचसं परत जागेवर येतं. तेव्हा केलेली लेव्हल दिवाळीला उलट बाजूला बिघडलेली सापडते. दमट हवेत ताणलेलं कापडही नंतर वेगळंच वागतं. गणपतीला चाकरमानी आले की टेबल रिकामं राहणार नाहीच, तेवढ्यापुरतं पायाच्या बोल्टने सांभाळा, सांधा उघडायचं काम दसऱ्यानंतर काढा.