अडीचशे की साडेचारशे? आधी सहा फेऱ्या मारा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आठवडाभर बुश आणि शाफ्ट, रविवारी धुरळा. त्यामुळे मोटोक्रॉसची, म्हणजे कच्च्या मातीतल्या शर्यतीची गाडी घ्यायची झाली की खानापूर-निपाणीकडची पोरं माझ्याकडे येतात आणि दारातनंच विचारतात, "अण्णा, अडीचशे सीसीची घेऊ की साडेचारशेची?" २०२४च्या जानेवारीत पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून हा प्रश्न फारच वाढलाय. मी उलट विचारतो, "वजन किती तुझं? आणि न थांबता किती फेऱ्या मारतोस?" पोरं हिरमुसतात. त्यांना हॉर्सपॉवर ऐकायची असते.

मग तीही ऐका. आम्ही आरएक्स १०० वर डर्ट ट्रॅक शिकलो, ती ११ हॉर्सपॉवरची. आजची २५० फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी ४०च्या वर देते, ४५० देते ५५च्या आसपास. वजनात मात्र दोघींत चार-पाच किलोंचाच फरक, दोन्ही ११० किलोंच्या आगेमागे. कागद बघून पोरगं म्हणतं, चार किलो जास्त आणि ताकद एवढी, मग मोठीच की! इथंच फसगत होते. आमच्या वर्कशॉपात आलात तर मी बंद ग्राइंडर तुमच्या हातात देईन आणि मनगट वळवायला सांगीन. मग तोच चालू करून वळवायला सांगीन. फिरणारं चाक वळायला नकार देतं, ते हाताला कळतं. ४५०च्या पोटात मोठा पिस्टन, जड क्रँक. उभी असताना चार किलो वाटणारा फरक वळणात वीस किलोंसारखा वाटतो.

आकड्यांतला आणखी एक घोळ. टू-स्ट्रोकची २५० आणि फोर-स्ट्रोकची २५० या सारख्या नव्हेत. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला पेट्रोल पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. १९९८ साली यामाहाने वायझेड४००एफ विकायला काढली आणि रेसमध्ये फोर-स्ट्रोकचे दिवस आले, पण त्यांना नियमात जवळजवळ दुप्पट सीसी दिली होती. म्हणून १२५ टू-स्ट्रोकची जोड २५० फोर-स्ट्रोकशी लागते, आणि २५० टू-स्ट्रोकची ४५०शी. जागतिक स्पर्धेत एमएक्सटू गटात २५० फोर-स्ट्रोक असतात, एमएक्सजीपीत ४५०. तेव्हा "जुनी अडीचशे टू-स्ट्रोक स्वस्तात मिळतेय, शिकायला बरी" असं कुणी म्हटलं तर पाय मागे घ्या. ती शिकायची गाडी नव्हे, झटका देणारी गाडी आहे. आणि पैसे देण्याआधी ज्या रेसमध्ये उतरायचंय तिचे गट वाचा. आपल्याकडे देशी आणि परदेशी गाड्या वेगवेगळ्या गटांत धावतात, आणि गटच नसेल तर गाडी घेऊन काय पूजा करायची?

आता माझ्या भाच्याची गोष्ट. वय वीस, वजन ६४ किलो. मला न विचारता त्याने सेकंडहँड ४५० आणली. विकणाऱ्याने सांगितलं, तीस तासच चाललीय, तासांचा मीटर बघा. मी उघडून बघितली तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि इनटेक वॉल्व्हला क्लिअरन्स, म्हणजे लागणारी बारीक फट, उरलेलीच नाही. मीटर नंतर बसवलेला होता. तो पिस्टन आता माझ्या टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलाय. इंजिन नीट करून जांबोटी रोडकडच्या एका पडीक रानात गाडी नेली. तिथं जुनी चिऱ्याची खाण आहे, आणि जांभ्याचे खडे टायरखाली गोट्यांसारखे घरंगळतात. मी स्टॉपवॉच घेऊन बांधावर बसलो.

पहिली फेरी १ मिनिट १४ सेकंद. पोरगं खूश. पुढच्या १:१५, १:१९, १:२४, १:२८ आणि सहावी १:३१. थांबला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड झालेले, क्लचवर बोटं मिटेनात. हेल्मेटचा पट्टासुद्धा मीच सोडवला. तासाभराने मित्राची २५० दिली. पहिली फेरी १:१७, म्हणजे तीन सेकंद हळू. "मामा, हिला पिकअपच नाही," म्हणाला. पण नंतर १:१७, १:१८, १:१८, १:१९, १:२०. बेरीज केली तर ४५०वर ८ मिनिटं ११ सेकंद आणि २५०वर ७ मिनिटं ४९. तीही आधीच दमलेल्या हातांनी. त्याला वही दाखवली तर दोनदा बेरीज करून बघितली पठ्ठ्याने.

तुम्हीही हेच करा. दोन्ही गाड्या कुणाकडून तरी मागून घ्या, एकाच दिवशी, एकाच रानात, मध्ये तासभर विश्रांती. सहा फेऱ्या न थांबता. चालवणाऱ्याला वेळ सांगायची नाही, नाहीतर तो तिकडं बघूनच चालवतो. पहिल्या आणि सहाव्या फेरीत मिनिटामागे पाच-सहा सेकंदांहून जास्त फरक पडला तर ती गाडी तुम्हाला अजून मोठी आहे. सत्तर किलोंच्या आतल्यांनी बहुतेक वेळा २५०च घ्यावी. ८५च्या वर वजन, अंगात दम आणि दोन-तीन हंगामांची सवय असेल तर ४५० शोभते, कारण अशा माणसाला २५०वर स्टार्टला आणि चढाला सारखा क्लच मारावा लागतो.

जमीनही बघा. बेळगावच्या पश्चिमेला, जांबोटीच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा. तिथं ताकद जास्त झाली की मागचं चाक नुसतं जागेवर फिरतं. पूर्वेला बैलहोंगलकडं काळी माती. पावसात ती चाकाला अशी चिकटते की २५० धापा टाकते आणि ४५० सरळ ओढत निघते. मी बहुतेक पश्चिमेलाच चालवतो, त्यामुळे माझं मत थोडं अडीचशेकडं झुकलेलं असणार, हे धरून चाला.

छोटी गाडी म्हणजे कमी खर्च, हा गैरसमज आधी काढा. २५० फोर-स्ट्रोक १३,००० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास फिरवावी लागते, तेव्हाच ती पळते. म्हणून तिचा पिस्टन ४५०पेक्षा आधी बदलावा लागतो, आणि वेळेवर नाही बदलला तर वॉल्व्ह, हेड सगळं जातं. खरी स्वस्त पडते १२५ टू-स्ट्रोक. पिस्टन लवकर जातो, पण एका दुपारी बदलून होतो. शिवाय तिची ताकद फक्त वरच्या आरपीएमला असते, त्यामुळे गिअर आणि क्लच शिकावाच लागतो. फक्त रेस झाली की कार्ब्युरेटर रिकामा करा. आपल्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमधनं परत येतं, ओल धरतं आणि जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, पांढरी घाण जमते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल मावतं जेमतेम लिटरभर, म्हणून पाचेक तासांनी बदला. एअर फिल्टर मात्र प्रत्येक वेळी धुवा, गाडी कुठलीही असो.

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगकडे कुणी बघत नाही. कंपनीची स्प्रिंग साधारण ७० ते ८० किलोंच्या माणसाला धरून असते. गाडी स्टँडवर घ्या, मागच्या अॅक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग बूट-हेल्मेटसकट बसा आणि दुसऱ्याला तेच माप घ्यायला सांगा. फरक १०० ते १०५ मिलिमीटर यायला हवा. स्प्रिंग आवळून किंवा सैल करूनही येत नसेल तर स्प्रिंग बदला. इंजिनाला शिव्या देणारी निम्मी पोरं माझ्याकडे या मापाने गप्प झालीत.

४५० घेतलीच असेल तर सौम्य मॅप, म्हणजे ताकद हळू सोडणारं इंजिनाचं सेटिंग टाका आणि वळणात एक गिअर वर ठेवा, धक्का कमी बसतो. २५० वळणातनं निघताना मरगळत असेल तर मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, एक-दोन दात वाढवा. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे तीन-चार वाढवल्यासारखं, तेव्हा पुढं हात घालताना जपून.

आणि सेकंडहँड घेणार असाल तर इंजिन गार असताना जा, आधीच तापवून ठेवलेली गाडी बघूच नका. हँडलच्या रबरावर जाऊ नका, ते नवं टाकलेलं असतं. फूटरेस्टचे दात बघा, आणि फ्रेमला दोन्ही बाजूंनी बूट घासतो तिथला रंग. दात गुळगुळीत आणि फ्रेम आरशासारखी चकाकत असेल, तर मीटर तीस म्हणो की तीनशे, गाडी परत लावून चहा पिऊन घरी या.