अमेरिकेतल्या केमिस्ट्री लॅबला जॉइन होताय? सही करण्याआधीची तयारी

सुरुवात बॅग भरण्यापासूनच करा. दोन-तीन सुती फुल पँट आणि पाऊल पूर्ण झाकणारे चामड्याचे बूट वरच ठेवा, पहिल्याच आठवड्यात लागतील. लेगिंग आणि पॉलिएस्टरचे टॉप घरी वापरायला न्या, लॅबमध्ये नकोत. असं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. चष्मा असेल तर नंबरचा कागद सोबत घ्या आणि नंबरचा सेफ्टी चष्मा मिळेल का, हे पोचल्या पोचल्या विचारा. बांगड्या, लोंबती कानातली, लांब मंगळसूत्र यांचं काय करायचं ते इथेच ठरवून निघा. आणि हो, आपण ज्याला अ‍ॅप्रन म्हणतो त्याला तिकडे लॅब कोट म्हणतात. अ‍ॅप्रन मागाल तर रबरी अ‍ॅप्रन हातात येईल.

कपड्यांचं आधी सांगतेय ते शेरी संगजीमुळे. २९ डिसेंबर २००८ रोजी, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात, सुट्टीच्या दिवसांत ही २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट सिरिंजने टर्ट-ब्युटाइल लिथियम काढत होती. हवा लागताच पेट घेणारं द्रव्य. सिरिंजचा दट्ट्या निघून आला आणि अंगावर आग पसरली. लॅब कोट नव्हता, अंगात सिंथेटिक स्वेटर होता. १८ दिवसांनी ती गेली. रुजू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या लॅबमध्ये लोक कोट घालत नाहीत, ही नोंद विद्यापीठाच्याच तपासणीत अपघाताच्या आधी झालेली होती. पुढे कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या राज्याच्या यंत्रणेने, कॅल-ओशाने, विद्यापीठाला ३१,८७५ डॉलर दंड केला. त्यात प्रशिक्षणाची नोंद नसणं हाही एक ठपका होता.

म्हणून प्रशिक्षणाच्या कागदावरची सही ही या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट. ओशा या कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा प्रयोगशाळांसाठीचा नियम १९९० पासून आहे. त्याप्रमाणे काम सोपवतानाच प्रशिक्षण द्यावं लागतं, आणि नव्या प्रकारचा धोका असलेलं काम आलं की त्याआधी पुन्हा. लॅबचा लेखी सुरक्षा आराखडा, ‘केमिकल हायजीन प्लॅन’, तुम्हाला केव्हाही बघता आला पाहिजे. ऑनलाइन व्हिडिओ बघून प्रश्नमंजुषा सोडवली की प्रमाणपत्र मिळतं, पण तुमच्या लॅबमधला सॉल्व्हंटचा पंप कसा बंद करायचा ते त्यात नसतं. जे हाताने करून दाखवलेलं नाही, त्यापुढे ‘शिकवलं’ अशी सही करू नका. ‘हे एकदा माझ्यासमोर करून दाखवाल का?’ हे वाक्य इंग्रजीत मोठ्याने बोलून सराव करा. मी एमएस्सी केलं तिथे असा प्रश्न विचारला की ‘पुस्तकात बघ’ हे उत्तर यायचं, आणि आम्ही गप्प बसायला शिकलो. ती सवय इथेच सोडून जा.

पहिल्या दिवशी कुणी लॅब दाखवत असेल तेव्हा उपकरणांच्या किमतींत रमू नका. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, कुठे आहे ते बघा, तुमच्या टेबलापासून तिथवर पावलं मोजा आणि एकदा डोळे मिटून, कुणाला तरी सोबत ठेवून, चालून बघा. जागा दहा सेकंदांत गाठता यावी आणि मग सलग १५ मिनिटं डोळे धुवावेत, असा प्रघात आहे. समोर खोकी रचलेली असतील तर हलवायला सांगा. शॉवर, आग विझवायचं सिलिंडर, सांडलेलं उचलायचं किट, बाहेर पडायचे दोन रस्ते, हेही त्याच फेरीत. लॅबमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असतील तर त्याच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठल्या खणात आहे आणि त्याची मुदत संपली आहे का, हे स्वतः ट्यूब हातात घेऊन वाचा.

ज्या रसायनाला पहिल्यांदा हात लावणार त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोक्यांचं माहितीपत्रक, आदल्या रात्री वाचा. सोळा भाग असतात. दुसऱ्यात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे आणि चष्म्याचं, दहाव्यात कशासोबत ठेवायचं नाही ते. घाईत असाल तर निदान हे चार.

हातमोज्यांवर डोळे मिटून विश्वास नको. १९९६ साली डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. ते लेटेक्समधून काही सेकंदांतच आरपार गेलं. पुढच्या जूनमध्ये त्या वारल्या. त्या तर विषारी धातूंच्याच तज्ज्ञ होत्या. नेहमीचे पातळ निळे नायट्राइल मोजेही डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटपुढे फार तर मिनिट-दोन मिनिटं टिकतात. थेंब पडला की लगेच काढा, हात धुवा, नवे घाला. डब्यात मोजे कमी उरलेत म्हणून जपून वापरू नका.

ऑफर लेटर पुन्हा एकदा वाचा. ओशाचा नियम कर्मचाऱ्यांसाठी आहे. पगार घेणारे टीए-आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करणारे विद्यार्थी) सहसा त्यात धरतात, फेलोशिपवरच्यांचं तसं नसू शकतं. सरकारी विद्यापीठ असेल तर राज्यावर अवलंबून: कॅलिफोर्नियात राज्याची यंत्रणा त्यांनाही लागू आहे, टेक्ससमध्ये सरकारी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना ओशा लागू नाही, तिथे विद्यापीठाचे स्वतःचे नियम. ‘मला कुठले नियम लागू?’ हे सुरक्षा कार्यालयाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी येईल. नियम लागू असेल तर काही सांडलं, गळती झाली, किंवा रसायनामुळे त्रास जाणवू लागला, तर वैद्यकीय तपासणी फुकट आणि पगार न कापता मिळाली पाहिजे. तक्रार केल्याबद्दल कुणी त्रास दिला तर केंद्रीय ओशाकडे जायला ३० दिवसच असतात, म्हणून तारखा वहीत टिपत जा. विद्यार्थी व्हिसावर आहोत म्हणून हे हक्क कमी होत नाहीत. ही भीती मी आपल्या मुलामुलींमध्ये फार पाहिली आहे.

गरोदर असाल, किंवा तसा विचार असेल, तर गर्भाला घातक रसायनांबद्दल सुरक्षा कार्यालयाशी थेट बोलता येतं. गाईडला आधी सांगण्याची गरज नाही.

शेवटी, इमारतीचं पूर्ण नाव, पत्ता आणि खोली क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून हूडशेजारी (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशेजारी) चिकटवा. ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावल्यावर पहिला प्रश्न ‘कुठे आहात?’ हाच येतो.