कायद्यातला ‘लिंग’ हा शब्द कसा वाचावा

मराठीत ‘लिंग’ या एका शब्दावर तीन ओझी आहेत: व्याकरणातलं लिंग, शरीराचं लिंग आणि माणूस स्वतःला जे मानतो ते. तिसऱ्यासाठी ‘लिंगभाव’ हा चांगला शब्द आहे, पण छापील अर्जांत तो क्वचितच दिसतो. पुण्यातली कंपनी, कॉलेज किंवा हाउसिंग सोसायटी तृतीयपंथी व्यक्तीच्या अर्जावर अडखळते, त्याचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

आधी प्रश्न नीट मांडा. ‘ही व्यक्ती कायद्याने स्त्री आहे का?’ याला उत्तर नाही, कारण सगळ्या कायद्यांना लागू पडेल अशी स्त्रीची एकच व्याख्या भारतात नाही. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला, हे तीन तपशील कागदावर लिहून मगच पुढे जा.

मग इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून तो कायदा उघडा. व्याख्या बहुतेक वेळा कलम 2 मध्ये सापडतात. व्हॉट्सॅपवर फिरणारी जुनी प्रत वापरू नका. संसद व्याख्या बदलू शकते, त्यामुळे तळटीपांतल्या दुरुस्त्या आणि त्या लागू झाल्याची तारीख पाहावीच लागते. केंद्रीय कायद्याच्या मराठी अनुवादावरून वाद झाला तर इंग्रजी पाठ प्रमाण धरतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आता खरं काम. व्याख्येत ‘म्हणजे’ आहे की ‘यात समावेश होतो’? ‘म्हणजे’ने कुंपण पडतं, ‘समावेश’ने ते रुंदावतं. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 हा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यातल्या कलम 2(के) च्या मूळ पाठात दोन्ही आहेत. जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगाशी ज्याचा लिंगभाव जुळत नाही अशी व्यक्ती, हा ‘म्हणजे’चा भाग. पुढे समावेशात ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, आंतरलिंगी व्यक्ती (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणारी), जेंडरक्विअर (स्त्री-पुरुष या चौकटीत स्वतःला न बसवणारी) आणि किन्नर, हिजडा, अरावाणी, जोगता या सामाजिक-सांस्कृतिक ओळखी. जोगता हा आपल्याकडचा, यल्लम्माच्या परंपरेतला शब्द थेट संसदेच्या कायद्यात बसला आहे. याच पाठात कंसात असंही आहे की शस्त्रक्रिया किंवा हार्मोनचे उपचार झालेले असोत वा नसोत. तो कंस न वाचता ‘ऑपरेशनचे कागद आणा’ असं सांगणं ही सर्रास होणारी आणि फार दुखावणारी चूक आहे.

काही कायदे व्याख्या उसनी घेतात. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 2(10) नुसार ‘तो’ हे सर्वनाम पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी अशा कोणाहीसाठी आहे, आणि तृतीयपंथीचा अर्थ 2019 च्या कायद्याकडे बोट दाखवून दिला आहे. पण त्याच संहितेत ‘स्त्री’ची व्याख्या वेगळी आहे: कोणत्याही वयाची मादी मानवी व्यक्ती. म्हणून गुन्ह्याच्या कलमात ‘स्त्री’ असेल तर ‘तो’ची व्यापक व्याख्या तिथे आपोआप पोहोचत नाही.

कायदा गप्प असेल तर निकाल शोधा. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका ट्रान्स स्त्रीला ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवरून उभं राहू दिलं. तो निकाल निवडणुकीपुरता आहे. नोकरीच्या प्रकरणात तो दाखला म्हणून जोडता येतो, पण त्याने तुमचा निर्णय आधीच झाला असं समजू नका.

समजा, हिंजवडीतल्या कंपनीत ट्रान्स स्त्रीचा लैंगिक छळ झाला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारदार ‘पीडित महिला’ आहे आणि ‘महिला’ कोण, याची व्याख्याच नाही. त्या कायद्याखाली कंपनीने नेमायच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायला सर्वसाधारणपणे 3 महिन्यांची मुदत आहे. ती व्याख्येच्या वादात जाऊ देऊ नका, तक्रार आधी नोंदवा. त्याच वेळी दुसरं दार ठोठवा: 2019 च्या कायद्याचं कलम 11 प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगतं. अंतर्गत समितीसाठी लागणारी 10 कर्मचाऱ्यांची अट इथे नाही. आणि ‘आस्थापना’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, म्हणजे कोथरूडची हाउसिंग सोसायटी सुटत नाही.

शिक्षेची तफावत मात्र डोळ्यांत खुपते. 2019 मध्ये मंजूर झालेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याच्या कलम 18 मध्ये लैंगिक अत्याचारालाही किमान 6 महिने आणि कमाल 2 वर्षं, तर न्याय संहितेत स्त्रीवरच्या बलात्काराला किमान 10 वर्षं. एफआयआर लिहिताना कोणतं कलम लागलं हे त्याच क्षणी वाचून घ्यायचं ते यासाठी. अडलं तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जाताना व्याख्येची छापील प्रत न्या आणि ती कोणत्या तारखेला डाउनलोड केली, ते वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.