पिकनिकवाले कचरा काहून करतात, अन् आपण काय करायचं

तुमच्या गावाजवळ धबधबा, किल्ला, तलाव असं काही असेल अन् पावसाळ्यात रविवारी गाड्यांची रांग लागत असेल तर हे वाचा. आमची चिखलदऱ्याच्या रस्त्यावर कणसाची गाडी आहे, तीन सीझनमध्ये जे समजलं ते सांगतो.

माणूस गाडीतून उतरला की आधी खाली पाहते. खाली दोन रॅपर पडलेले दिसले की तिसरं टाकाले त्याला काहीच वाटत नाही. नेदरलँडच्या ग्रोनिंगनमधला एक प्रयोग 2008 मध्ये छापून आला होता, उभ्या सायकलींना कागद अडकवले, बाजूची भिंत साफ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी कागद खाली टाकला अन् भिंत रंगवून खराब केली तर 69 टक्के लोकांनी. म्हणून झाडू सकाळी, गाड्या यायच्या आधी मारा. आम्ही आधी संध्याकाळी झाडायचो, मग रात्री पार्टीवाले पोट्टे यायचे अन् सकाळच्या फॅमिलीले उकिरडाच दिसायचा.

डबा कुठं ठेवायचा हे लय महत्त्वाचं. आमचा पार्किंगजवळ होता, रिकामाच राहायचा. एक दिवस बसून पाहिलं तर लोक कणीस घेऊन दरीच्या रेलिंगपर्यंत जातात, तिथं फोटो काढतात, कणीस संपते अन् बुरकुंडं तिथूनच खाली. डबा उचलून रेलिंगले बांधला, त्याच दुपारी भरला. झाकण मात्र घट्ट पाहिजे, नाहीतर वानरं सगळं उपसून काढतात. अन् भरलेला डबा तसाच ठेवू नका बाप्पा, त्याच्यापेक्षा डबा नसलेला बरा, लोक भोवतीच ढीग लावतात.

ओलं-सुकं वेगळं केलं की अर्धं काम होते. कणसाची पानं आमची गुरंच खातात, पाण्याच्या बाटल्या कबाडीवाला घेते. चिप्सच्या चमकीच्या पुड्या कोणीच घेत नाही, त्या पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या गाडीत द्या. जाळू नका, त्या वासानं गिऱ्हाईक जाते अन् धूर आपल्याच पोराबाळाइच्या छातीत.

"कचरा टाकल्यास दंड" असा बोर्ड लावून पाहिला, त्याच्याच खाली दारूच्या बाटल्या सापडल्या. तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीमागं 10 रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत करतात, आपल्याकडं तसं व्हायले पाहिजे. बोर्डापेक्षा गोष्ट सांगितलेली चालते. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या वाघानं पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात उचलली होती, त्याचा व्हिडिओ 2024 मध्ये लय फिरला. कणीस भाजता भाजता ते सांगितलं की लहान पोरं स्वतःच बापाच्या हातातली बाटली मागून घेतात.

डायपरचं तेवढं अजून जमलं नाही. कागदात गुंडाळून झुडपात ठेवतात, जसं काही आम्हाले दिसतच नाही.